यंत्र तयार होते, भांडवल नव्हते

‘स्टार्टअप’ हा शब्द नवा असला, तरी त्यातील कसोटी जुनीच आहे. शंकर आबाजी भिसे यांचे चरित्र याची साक्ष देते. १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या मराठी संशोधकाने वयाच्या चौदाव्या वर्षी घरीच कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनवले. पुढे मुंबईत त्यांनी ‘सायंटिफिक क्लब’ काढला. रेल्वे प्रवाशांसाठी स्थानक दर्शवणारे यंत्रही त्यांच्या त्या काळातील प्रयोगांत होते. ठाणे-डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्या वाचकांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

किराणा माल तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले आणि भिसे इंग्लंडला गेले. दिनशा वाच्छा यांचे परिचयपत्र सोबत होते. दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, स्वतःचे पैसेही गुंतवले.

भिसे यांचे सर्वांत महत्त्वाचे संशोधन म्हणजे छपाईचे खिळे ओतणारे ‘भिसोटाइप’ हे यंत्र. मिनिटाला सुमारे १,२०० खिळे ओतण्याची त्याची क्षमता होती. प्रचलित यंत्रांच्या मानाने ही झेप मोठी होती. मात्र इंग्लंडमधील समाजवादी नेते हिंडमन यांनी १५,००० पौंड उभारण्याचे दिलेले आश्वासन फळाला आले नाही. कार्यशाळा बंद करून १९०८ च्या अखेरीस भिसे मायदेशी निघाले. बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. त्यांच्या ओळखीने रतन टाटांचे साहाय्य मिळाले आणि १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभे राहिले. महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, तेही संपुष्टात आले. त्यानंतर भिसे अमेरिकेला गेले. तेथे ‘अ‍ॅटोमिडीन’ या आयोडीनयुक्त औषधाने त्यांना नाव मिळवून दिले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्रात बुद्धीची उणीव कोठेही दिसत नाही. उणीव होती ती अखेरपर्यंत टिकणाऱ्या भांडवलाची. नमुना तयार होणे आणि माल बाजारात खपणे यांमधील काळात उत्पन्न शून्य असते. पगार, भाडे व कच्चा माल यांचा खर्च मात्र थांबत नाही. अशा वेळी एकाच दात्याच्या शब्दावर उभा असलेला उद्योग तो शब्द मोडताच कोसळतो.

आज वागळे इस्टेटच्या गाळ्यांत वा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एखादा तरुण नवे यंत्र घडवतो, तेव्हा पहिली रक्कम बहुधा घरातील वडीलधारी मंडळीच देतात. त्यांनी कौतुकासोबत चार प्रश्नही विचारावेत. विक्री सुरू होईपर्यंत किती महिने लागतील? तेवढ्या महिन्यांच्या खर्चाची तरतूद आहे काय? गुंतवणूकदाराचे आश्वासन लेखी आहे काय? आणि एकाने हात आखडता घेतला, तर दुसरा कोण? या प्रश्नांनी तरुणाचा उत्साह खचत नाही. त्याच्या हाती अधिक वेळ उरतो, आणि भिसे यांना नेमका तोच कमी पडला.