दोऱ्याचं गणित आणि बाटलीतले चमचे

मित्रांनो, आज आपल्याला थोडं साहित्य लागणार आहे. एक लांब दोरा, एक रिकामा ग्लास, साखरेचा डबा आणि चहाचा चमचा. हे सगळं जवळ घ्या आणि मगच वाचायला बसा. आई विचारेल, "साखरेचा डबा कशाला रे?" तिला सांगा, खायला नाही, मोजायला! आणि जमलं तर तिलाही शेजारी बसवा. आजचं गणित तिच्याही कामाचं आहे.

गोष्ट आहे लोहाऱ्याची. यवतमाळ शहराला अगदी चिकटून हे लोहारा आहे. माझी बहीण तिथे राहते. मागच्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. विदर्भातलं मे महिन्याचं ऊन कसं असतं, ते विदर्भातल्या मुलांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही! सकाळी दहा वाजताच रस्ते ओस पडतात. अशा उन्हातून माझा भाचा क्रिकेट खेळून घरी आला. यंदा तो आठवी पास झाला. हातात बॅट आणि काखेत थंडगार पेयाची ६०० मिलीची बाटली. झाकण फिरवलं, फस्स आवाज झाला आणि बघता बघता बाटली अर्धी!

"रोज पितोस का रे?" मी विचारलं.

"रोज नाही मामा. खेळलो तं पितो."

"आणि खेळतोस कधी?"

"रोज!"

सगळे हसले. आजी नातवाच्या बाजूनं बोलली, "पोट्ट्याले उनातून आल्यावर काहीतरी थंड लागतेच ना बापा!" खरंच आहे, लागतं. पण काय लागतं? थंड पाणी, की थंड पाण्यात विरघळलेलं आणखी काही? मी भाच्याला म्हटलं, "चल, एक गंमत करू. बाटलीवरची बारीक अक्षरं वाच."

तुम्हीही वाचा. बाटलीच्या मागे एक छोटा तक्ता असतो. त्यात 'टोटल शुगर्स' म्हणजे एकूण साखर लिहिलेली असते, बहुधा दर १०० मिलीमागे. त्या बाटलीवर साधारण साडेदहा ग्रॅम लिहिलं होतं. भाचा म्हणाला, "साडेदहा? मंग काय जास्त आहे?" इथेच तर सगळे फसतात! बाटली १०० मिलीची आहे का? ६०० मिलीची आहे. साडेदहा गुणिले सहा, म्हणजे ६३ ग्रॅम. चहाच्या एका सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते. आता घ्या तो ग्लास आणि टाका एकेक चमचा. एक, दोन, तीन... भाचा मोजत होता. दहाव्या चमच्याला त्याचा आवाज बारीक झाला. सोळाव्याला तो थांबला. आजीनं ग्लासात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अवं माय! एवढ्या साखरेत तं साऱ्या घराचा चहा होते!"

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये एक सल्ला दिला आहे. वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या खाली असली तर अधिक बरं. मोठ्या माणसाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे जवळजवळ २५ ग्रॅम, सहा चमचे. दिवसभराच्या चहापासून बिस्किटांपर्यंत सगळं त्यात आलं. आणि एका बाटलीत सोळा चमचे!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही एवढे खेळतो, ती साखर जिरत नाही का? थोडी जिरते. पण एक मजा ऐका. एका ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात. म्हणजे त्या बाटलीतून सुमारे अडीचशे, आजीच्या अडीच फुलक्यांएवढ्या. अडीच फुलके जास्त खाल्ले, तर तुम्ही ताटावरून उठताना म्हणता, "बस, पोट भरलं." पण बाटली प्यायल्यावर कधी असं म्हणालात? भाच्यानं अर्धी बाटली संपवली आणि तासाभरात तो नेहमीएवढंच जेवलासुद्धा! घास चावावा लागतो, तो पोटात रेंगाळतो, म्हणून "पुरे" असा निरोप मेंदूला पोचतो. गोड पाणी सरकन खाली उतरतं. त्याचा हिशोब पोट नीट ठेवत नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी ६४१ मुलांवर हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ही मुलं साधारण पाच ते अकरा वर्षांची होती. निम्म्यांना रोज २५० मिली साखरेचं पेय दिलं आणि निम्म्यांना तसंच लागणारं, पण साखर नसलेलं. कुणाला कोणतं मिळालं हे मुलांना माहीत नव्हतं. दीड वर्षानं वजनं केली. मुलं वाढत्या वयाची, त्यामुळे वजन सगळ्यांचंच वाढलं होतं. पण साखरवाल्या गटाचं सरासरी ७.३७ किलो वाढलं आणि बिनसाखरवाल्यांचं ६.३५ किलो. सरासरी एका किलोचा फरक, आणि अंगातली चरबीही साखरवाल्या गटात जास्त वाढली. रोजच्या एका पेल्यानं एवढं केलं! मात्र यावरून 'शुगर फ्री' बाटल्या आणायला धावू नका. वजन ताब्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं आहे.

मी हे सांगत होतो, तोवर भाच्यानं आपला हुकमी पत्ता काढला. त्यानं बाही वर केली, काडीसारखा दंड दाखवला आणि म्हणाला, "पण मामा, मी तं बारीकच आहो ना! मले काय होते?"

तुमच्यातल्या किती जणांच्या मनात हेच आलं होतं? खरं सांगा हं!

उत्तर मी देणार होतो, पण दिलं त्याच्या आजोबांनी. ते इतका वेळ खाटेवर बसून ऐकत होते. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. बिनसाखरेचा चहा, जेवणाआधी गोळी आणि पायाला जरा खरचटलं तरी घरभर काळजी. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, मी तरी कधी जाडा होतो? मी बी आयुष्यभर तुयासारखाच बारीक होतो."

क्षणभर कुणीच बोललं नाही. भाच्यानं बाटली हळूच खाली ठेवली.

बारीक माणसाच्या अंगात चरबी कशी असेल? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात शोधलं गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघंही दिसायला सडपातळ. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की जो आकडा येतो, त्याला बीएमआय म्हणतात. तो दोघांचाही २२.३ होता. वजनकाट्याच्या हिशोबानं दोघं सारखेच! पण क्ष-किरणांच्या यंत्रानं अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहूनही जास्त!

असं का? डॉक्टरांनी थट्टेनं लिहिलं होतं, की एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसरा रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ती गाठायला धावतो, तेवढाच! म्हणजे व्यायामाचा वाटा असू शकतो. पण तेवढंच कारण नसावं. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून गर्भवती आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं जवळजवळ सगळ्याच मापांत लहान होती, पण कातडीखालच्या चरबीत मात्र तेवढी मागे नव्हती. हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी राखून ठेवलेली! आपल्याकडच्या पुष्कळ जणांची ठेवण अशी असते. आणि ती चरबी दंडावर, पायावर दिसत नाही. ती जमते पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात.

आता ती सोळा चमचे साखर पुन्हा डोळ्यांपुढे आणा. साखरेचे दोन भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळ्या शरीराला वापरता येतं. फ्रुक्टोजचं बरंचसं काम मात्र यकृतावर पडतं. थोडंथोडं आलं तर यकृत ते निभावतं. पण रोज बाटलीभर, एकदम आणि घाईनं आलं, तर ते त्याची चरबी करू लागतं. यकृतात आणि पोटात चरबी साठली, की रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन पहिल्यासारखा परिणाम करत नाही. मधुमेहाची वाट तिथून सुरू होते. पूर्वी जो मधुमेह चाळिशीनंतरचा समजत, तो आता तरुण मुलांमध्येही दिसतो.

चला, आता दोरा घ्या. भिंतीला टेकून ताठ उभे राहा आणि आईला डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा मापून कापायला सांगा. ही झाली तुमची उंची. तो दोरा बरोबर मधोमध दुमडा. आता श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता (लबाडी चालणार नाही!), बेंबीच्या जरा वर तो दुमडलेला दोरा कमरेभोवती गुंडाळा. दोन्ही टोकं भेटून थोडा दोरा उरला, तर छान. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, एवढंच हे सोपं गणित. माझ्या भाचीच्या कमरेला चांगला वीतभर उरला. भाच्याला उरला जेमतेम बोटभर! काडीपहिलवानाचं तोंड बघण्यासारखं झालं.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोरा म्हणजे डॉक्टर नव्हे. टोकं भेटली नाहीत तर घाबरायचं नाही, आईबाबांना सांगायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. आणि जेवण सोडायचं नाही! तुमचं वय वाढीचं आहे. या वयात मुलींच्या अंगात थोडी चरबी वाढते, ती तर निसर्गाचीच योजना असते. दुसरी गोष्ट, हा दोरा वर्गात नेऊन कुणाची टिंगल करायची नाही. माझ्या भाच्याकडे पाहून कुणाला वाटलं असतं का?

आईबाबांनो, आता थोडं तुमच्यासाठी. शाळेच्या उपाहारगृहात अशी पेयं आणि चटकमटक खाणं विकू नये, असा आदेश महाराष्ट्र शासनानं मे २०१७ मध्ये काढला. देशपातळीवरच्या २०२० च्या नियमांनी तर शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या आतही जास्त साखर, मीठ आणि चरबीच्या पदार्थांच्या विक्रीला मनाई केली. २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' म्हणजे साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. हे सगळं चांगलंच आहे. पण घरातल्या फ्रिजपासून ५० मीटरचा नियम कोण करणार? पाहुणे आले की दोन लिटरची बाटली आपणच आणतो, आणि उरलेली मुलांना देतो.

मग उन्हातून आल्यावर प्यायचं काय? लोहाऱ्याच्या त्या घरातच सगळं होतं. माठातलं पाणी, जिरं-मीठ घातलेला मठ्ठा, ज्वारीची आंबील, साखर बेतानं घातलेलं लिंबाचं सरबत. कैरीचं पन्हं करा, पण गूळ-साखर मोजून घाला, कारण गूळही साखरेचाच भाऊ! उसाचा रस आणि डब्यातला आंब्याचा रसही याच कुळातले. लग्नात, वाढदिवसाला पेलाभर घेतलं तर आभाळ कोसळत नाही. प्रश्न आहे तो 'रोज'चा.

दुसऱ्या दिवशी निघताना भाच्यानं एक प्रयोग दाखवला. अर्धी उरलेली बाटली त्यानं झाकण उघडं टाकून ओट्यावर ठेवली होती. गार नाही, वायू नाही. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "मामा, हा तं पाक आहे!" गारव्यानं आणि बुडबुड्यांनी जे झाकलं होतं, ते जिभेला कळलं.

आजोबा खाटेवरून हसले आणि म्हणाले, "मले हे कोणी सांगतलं नव्हतं बापा. तुले सांगतलं."

तुम्हालाही सांगितलं, मित्रांनो! या आठवड्यात घरातल्या प्रत्येक बाटलीचे चमचे मोजा आणि वहीत लिहून ठेवा. सगळ्यात मोठा आकडा कशाचा आला, ते मला जरूर कळवा हं!