नऊ महिन्यांचा गुडघा

“नऊ महिने मैदानाचं नाव काढायचं नाही,” डॉक्टर म्हणाला. मी म्हटलं, साहेब, बाळंतपण आहे काय? तो हसला. नर्स हसली. बाजूच्या खाटेवर पाय टांगलेला म्हातारा, तो पण हसला. मी मनात हिशोब घालत होतो. नऊ महिने म्हणजे 270 दिवस. गोदीत आमच्यासारख्या कंत्राटी पोराला ज्या दिवशी हजेरी त्याच दिवशी पैसा. हे नऊ महिने आणायचे कुठनं?

गुडघा गेला कबड्डीत. रविवारची मॅच, चढाई माझी. घोट्याला हात पडला तसा मी मध्यरेषेकडं वळलो, अंग फिरलं नि बूट मॅटला धरून बसला. आत सुतळी तुटावी तसा आवाज झाला. मातीत पाय घसरायचा, सोलवटायचा, पण सुटायचा. मॅटवर सुटत नाही, मग ते वळण गुडघ्याला घ्यावं लागतं. गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या फुली मारल्यासारख्या असतात, त्यातली पुढची गेली. डॉक्टर लोक तिला एसीएल म्हणतात. ती एकदा तुटली की बहुधा आपणहून धड सांधत नाही. मग आपल्याच मांडीच्या मागची नाहीतर वाटीखालची पट्टी काढायची, हाडात भोकं पाडायची नि तिथं ओवायची. तासा-दोन तासांचं काम. कर्ज काढून का होईना, झालं.

खरी गोम पुढं आहे. ओवलेली पट्टी सुरुवातीला मेल्यासारखीच असते. तिच्यात रक्तवाहिन्या शिरायला, तिची दोरी व्हायला महिनेच्या महिने लागतात. मधले काही आठवडे तर ती बसवली त्या दिवसापेक्षाही कच्ची असते. आणि नेमकी त्याच सुमाराला सूज उतरते, लंगडणं जातं. तिसऱ्या महिन्यात मी जिना चढायला लागलो तर वस्तीत जो तो म्हणे, झाला की रे बरा! पाय सरळसरळ खोटं बोलत होता. ओस्लोकडच्या डॉक्टरांचा एक अभ्यास 2016 साली छापून आला. नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका पुढं ढकलाल, तितकं दर महिन्याला गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं उतरतं, असं त्यात दिसलं. त्याआधी 2014 साली जगभरच्या अभ्यासांची बेरीज झाली होती. ऑपरेशन झालेल्या शंभरातले 81 कुठला ना कुठला खेळ खेळू लागले, 65 पूर्वीच्या पातळीला पोचले, आणि स्पर्धेत परत उतरले फक्त 55. म्हणजे डॉक्टर खरं बोलत होता. माझं भांडण डॉक्टरशी नाहीच.

भांडण हिशोबाशी आहे. ईएसआयमध्ये आजारी कामगाराला वर्षाकाठी 91 दिवस मिळतात, पगाराच्या 70 टक्क्यांनी. 270 वजा 91, उरले 179. हे 179 दिवस चुलीवर काय शिजवायचं? आणि ते 91 पण ज्याची वर्गणी भरलीय त्यालाच. आमच्या कंत्राटदारानं माझ्या मजुरीतून कापली, भरली नाही. याच मुंबईच्या गोदीत डॉक लेबर बोर्ड होतं, 1948 च्या कायद्यातून आलेलं. नोंदणीतल्या कामगाराला काम न लागलेल्या दिवशीसुद्धा हजेरीचे पैसे मिळायचे. कुणी दया म्हणून नव्हते दिले, भांडून घेतले होते. 1994 साली ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरलं. माझ्या वयाच्या पोराला ती आता आज्याची गोष्ट वाटते.

आईनं दोन घरची धुणीभांडी जास्तीची धरली. माझा गुडघा शिवला जात होता तेव्हा ती लोकांच्या मोरीत उकिडवी बसत होती. तिचेही गुडघे वाजतात. त्यांचा एमआरआय कुणी काढलेला नाही.

चौथ्या महिन्यात मी कामावर गेलो. मुकादम म्हणाला, हलकं काम देतो. गोदीतलं हलकं काम मला कुणीतरी एकदा दाखवा राव. डॉक्टरच्या कागदावर खेळात परत कधी जायचं त्याचा तक्ता आहे. चालणं, धावणं, उडी, वळणं, मग मैदान. ओझ्याचा रकानाच नाही. तक्ता करणाऱ्याला वाटलं असणार, माणूस गुडघा खेळापुरता वापरतो आणि बाकी वेळ टेबलाखाली ठेवतो. मी रविवारी खेळायचो, सहा दिवस वाहायचो. त्या सहा दिवसांबद्दल मला कुणी विचारलं नाही.

सहाव्या महिन्यात मंडळाची पोरं आली. “जय भीम भावा. यंदा जयंतीला लायटिंगमध्ये मॅच आहे. तू फक्त उभा रहा, निदान पोरांना धीर येईल.” मी नाही म्हटलं. एक जण म्हणाला, फाटली याची. हो, फाटली. गुडघा पुन्हा जाईल ही भीती घेऊन कित्येक जण बरे होऊनही मैदानात परत जात नाहीत, हे डॉक्टरांनी मोजून ठेवलंय. त्यात लाजायचं काय? आमच्याच वस्तीतला एक पोरगा नाही लाजला. पाचव्या महिन्यात उतरला, पहिल्याच पकडीत तोच गुडघा, पुन्हा ऑपरेशन. बॅनरवर त्याचा फोटो होता. बॅनर उतरवला, घडी घालून समाजमंदिराच्या माळ्यावर टाकला. त्याच्या घरी कोण गेलं?

पालवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात चहा मिळायचा तो पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. बोटं हवीत, माणूस नको. हे आपण सवर्णांना हजार वेळा ऐकवलंय, पुढंही ऐकवू. पण साला, आपली मंडळं तरी वेगळं काय करतात? चढाई हवी, गुडघा ज्याचा त्यानं बघावा.

2018 च्या प्रो कबड्डीच्या लिलावात बोली कोटीच्या वर गेली. त्या खेळाडूंमागं फिजिओ उभा असतो, असू दे, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. वस्तीतली पोरं मात्र तीच उडी टीव्हीवर बघून मारतात. पोरींनी पण संघ काढलाय. सारख्याच खेळात मुलींचा हा गुडघा मुलांपेक्षा जास्त वेळा जातो. आणि ऑपरेशननंतर घरातल्या पाण्याच्या कळशीला सुट्टी कोण देणार?

म्हणून म्हणतो, जयंतीच्या वर्गणीतून आधी गुडघ्याचा डबा भरा, मग चषक आणा. ज्याचा गुडघा मंडळाच्या मॅचमध्ये गेला त्याचं नऊ महिन्यांचं रेशन मंडळानं भरायचं. लायटिंग कमी करा. नेत्याचा बॅनर तर आधी कमी करा. फिजिओकडं एक-दोनदा जाऊन व्यायाम शिकून घेतला की पुढं बरंचसं समाजमंदिरात होतं. पाठ टेकायला भिंत, चढ-उतर करायला पायरी, घोट्याला बांधायला वाळूची पिशवी. मैदानात घेण्याआधी एका पायावर उडी मारायला लावा आणि टेपनं मोजा. चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी दुखरा पाय गेला पाहिजे. नाही गेला तर तो पोरगा बाहेर बसेल, मग तो कितीही मोठा चढाईबहाद्दर असू दे, आणि समोर कितीही जुनं वैर असू दे. ही एकच चाचणी पुरत नाही, मांडीची ताकद पण बघावी लागते. पण आज आपण काहीच बघत नाही.

माझा अकरावा महिना चालू आहे. परवा मोजलं. चांगला पाय 150 सेंटिमीटर, दुखरा 131. सत्त्याऐंशी टक्के. यंदाच्या पावतीपुस्तकात पहिली पावती मी फाडलीय, शंभर रुपये, गुडघ्याच्या नावानं. खजिनदार म्हणतो असा रकाना नसतो. पुस्तक माझ्याकडं आहे, रकाना मी पेनानं आखलाय.