छप्पन्नातली बारा

आमच्या शाळेतले एक सर पेटी फार सुरेख वाजवतात. येत्या रामनवमीला मलकापुरात ‘गीतरामायण’चा दोन तासांचा कार्यक्रम करायचं त्यांनी मनावर घेतलंय. गेल्या आठवड्यात म्हणाले, “बाई, छप्पन्न गाण्यांतली बारा बसतील. तुम्ही मराठीही शिकवता, उर्दूही शिकवता. यादी काढून द्या.” मी दिली. यादीवरून नजर फिरवून सर म्हणाले, “ह्यात टाळ्यांचं गाणं एकही नाही, बाई.”

खरंच नाही. सेतू बांधायचं नाही, लंका पेटवायचं नाही, राज्याभिषेकाच्या जयजयकाराचंही नाही. ती गाणी कमी प्रतीची आहेत असं मुळीच नाही. पण त्या गाण्यांना मागे वाद्यमेळ लागतो, समूहाचा भरदार आवाज लागतो. एक पेटी, एक तबला आणि झांज एवढ्यावर सेतूचं गाणं म्हणून बघा, पुलाऐवजी साकव होतो. ती ध्वनिमुद्रिकेवरच ऐकावीत. आणि मोठ्या आवाजाची आपल्याकडे टंचाई आहे कुठे? सणावाराला स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात, घरातली भांडी थरथरतात. समोर बसून, माणसाच्या गळ्यातून ऐकावं असं जे आहे ते वेगळंच आहे.

थोडं मागे जाते. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या सकाळी, पहिलं गाणं लागलं आणि वर्षभर आठवड्याला एक नवं गाणं येत राहिलं. बेत बावन्न गाण्यांचा होता. त्या साली अधिक महिना आला आणि संख्या छप्पन्नवर गेली. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. दोघांचाही कोल्हापूरशी जुना संबंध. सुधीर फडके तर जन्मानेच कोल्हापूरचे आणि माडगूळकरांनी सिनेमातली उमेदवारी कोल्हापुरात केली. रेडिओवर ही गाणी एकट्याची नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, राम फाटक, ललिता फडके असे कितीतरी गळे त्यात होते. ज्या पात्राचं गाणं, त्याला साजेसा आवाज. पुढे बाबूजींनी एकट्याने सगळं ध्वनिमुद्रित केलं, वर्षानुवर्षं कार्यक्रम केले आणि आपल्या कानांना तीच सवय लागली. बाबूजींच्या गायकीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आज कार्यक्रम करणारे तोच साचा उचलतात, एक बुवा बसतो आणि कौसल्या, शबरी, सीता, सगळ्या त्याच्याच तोंडून बोलतात. माझ्या यादीच्या खाली म्हणून एक अट लिहिली आहे : बायकांची गाणी बायकांनी गायची.

आता निवड कशावर केली ते सांगते. पहिल्याच गाण्यात चित्र काय आहे? दरबार भरलाय, लव-कुश गाताहेत आणि ऐकतोय कोण, तर प्रत्यक्ष राम. म्हणजे गीतरामायण ही मुळातच एक मैफल आहे. गाणारी पोरं ज्या बाईची, तिला ह्याच श्रोत्याने रानात सोडलेलं आहे, आणि तो खाली मान घालून स्वतःचीच कहाणी ऐकतो आहे. अशा मैफलीत कुठली गाणी महत्त्वाची? राजाच्या पराक्रमाची गाणी त्याला रोजच ऐकवणारे असतात. ज्यांत कुणीतरी त्याला अडवतं, विनवतं, विचारतं, ती गाणी समोर बसून ऐकायची असतात.

म्हणून कौसल्या. वनवासाला निघालेल्या मुलाला ती जाऊ नको म्हणते. हे गाणं यादीत पहिलं लिहिलं, बाकीची नंतर. कारण हाच प्रसंग मी उर्दूच्या तासालाही सांगते. ब्रिजनारायण चकबस्त यांची ‘रामायण का एक सीन’ ही कविता नेमकी तीच आहे : राम आईचा निरोप घ्यायला येतो. सहा ओळींच्या कडव्यांचा मुसद्दस, म्हणजे जो बांधा मीर अनीस यांच्या मर्सियांनी उर्दूत घट्ट केला तोच. अनीस आणि चकबस्त दोघेही जन्मले फैजाबादला, शरयूकाठी, अयोध्येच्या शेजारी. करबलाच्या मर्सियात आई, बहीण, लेक एकेक करून बोलतात, लढाईला निघालेल्याला निरोप देतात आणि मजलिस ऐकत रडते. तिथे कुणी म्हणत नाही, हे रडगाणं पुरे, विजयाचं काहीतरी होऊ द्या. चकबस्त यांनी तो बांधा उचलून कौसल्येला दिला. सरांना मी सुचवलंय की आमच्या एखाद्या मुलीने चकबस्तची चार कडवी वाचावीत आणि शेवटच्या ओळीवर पेटीचा सूर धरावा. सर ह्यावर मात्र लगेच खूश झाले.

बाकीची भराभर सांगते. अहल्या, सुमंताचा रथ अडवणारे अयोध्येचे लोक, गंगा पार करवणारे नावाडी, मरणाच्या दारातला दशरथ, पंख तुटलेला जटायू, शबरी. भरताची समजूत घालणारं रामाचं गाणं आहेच, ते वगळलं तर लोक खुर्च्या फेकतील आणि बरोबरच करतील. रामजन्माचंही ठेवलंय. रामनवमीला ते नको म्हणण्याइतकी मी हट्टी नाही.

घरी धाकट्या दिराला हे कळलं. म्हणाला, “भाभी, तुम्हाला कशाला हवी ही उठाठेव?” त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. गजापूर आमच्याच शाहूवाडी तालुक्यातलं. 14 जुलै 2024 ला तिथे जमावाने घरं फोडली, मशीद फोडली. तेव्हापासून रस्त्यावर मोठा आवाज झाला की आमच्या घरात आधी खिडकी लागते, मग कसला आवाज ते विचारलं जातं. मी दिराला एवढंच म्हटलं, बाहेर काय वाजवायचं ते मला कुणी विचारत नाही. सरांनी विचारलंय. विचारल्यावर गप्प बसले तर मग तक्रार कुठल्या तोंडाने करू?

शेवटची दोन गाणी सीतेची. एकात तिला डोहाळे लागलेत, ती लाडाने रानात जाऊ या म्हणते. लगेच पुढच्यात ती त्याच रानात उभी आहे आणि लक्ष्मणाला विचारते आहे, आता कुठे जाऊ. बहुतेक कार्यक्रमांत पहिलं गाळतात आणि दुसरं एकटंच गातात. मग ते नुसतं करुण गाणं होतं. दोन्ही लागोपाठ, मध्ये निवेदन न करता, टाळ्यांना जागा न देता म्हटली पाहिजेत. पहिल्यातला लाड कानात असतानाच दुसरं यायला हवं.

इथेच सरांचं आणि माझं अडलंय. मला कार्यक्रम तिथे संपवायचा आहे. सर म्हणतात, भैरवीशिवाय लोकांना घरी पाठवायचं नसतं, छप्पन्नावं गाणं घ्याच. तेही एका अर्थी खरं. त्या गाण्यात वाल्मीकी पोरांना गायला पाठवतात, म्हणजे तिथून पुन्हा पहिलं गाणं सुरू होतं. पण मग तेरा होतात. जटायूला गाळावं असं सर म्हणतात. मी म्हटलं, रामजन्म गाळा. गुरुवारी शाळा सुटल्यावर पुन्हा बसणार आहोत.