वरणाचे पाणी नको, वरणच द्या!

परवा एक आजीबाई नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. बाळ नऊ महिन्यांचे, वजन जेमतेम ६ किलो. तीन महिन्यांत वजनाचा काटा हलला नव्हता. "खायला काय देता?" असे विचारताच म्हणाल्या, "डाक्टर, वाटी वाटी वरणाचं पाणी पितंय, चहा-बिस्कीटबी खातंय. दाट दिलं तर घशात अडकंल, म्हणून देत न्हाई."

नेमके इथेच आपले चुकते. डाळीचे सत्त्व पातेल्याच्या तळाशी राहते आणि वरचे पिवळे पाणी बाळाच्या वाट्याला येते. बाळाचे पोट लहान. ते पाण्यानेच भरले, की बाळ आईचे दूधही नीट पीत नाही. म्हणजे दोन्हीकडून उपास! बिस्किटात मैदा आणि साखर, तर चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर १०० मुलांमागे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. ही तूट बहुतांशी पहिल्या दोन वर्षांतच पडते आणि पुढे भरून काढणे कठीण जाते. गरिबी हे कारण आहेच. पण घरात डाळ शिजत असूनही बाळ उपाशी राहते, याला काय म्हणावे?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणीही नको. त्यानंतर आईचे दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करावे. मऊ भात व घट्ट वरण कुस्करून, त्यात चमचाभर तूप किंवा तेल घालावे. नाचणीची खीर, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे, शिजवलेली पालेभाजी, पूर्ण उकडलेले अंडे हे सारे चालते. शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट अन्नात मिसळावे. अख्खा दाणा मात्र कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. अन्न किती दाट असावे? चमचा तिरपा केला तरी ते ओघळता कामा नये.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी. नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा. वर्षाच्या बाळाला पाऊण ते एक वाटी. जुलाब, ताप असला तरी खाणे बंद करू नये. बरे झाल्यावर काही दिवस एक जेवण जास्त द्यावे. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करावे.

दोष एकट्या आजीबाईंचा नाही. "हलके, पातळ द्या" असे मोघम सांगून आम्ही डॉक्टरही मोकळे होतो. बाजारातून येताना बिस्किटाचा पुडा आणणाऱ्या वडिलांनीही त्याऐवजी दोन अंडी आणावीत.

आज वरण कराल तेव्हा तिखट-मीठ घालण्याआधी पळी तळापर्यंत घाला आणि पहिली वाटी बाळाची भरा.