इंजिनाचे लिंग

मराठी व्याकरणाने हा प्रश्न फार पूर्वी निकालात काढला आहे. रथ तो, गाडी ती आणि इंजिन ते. ज्याच्या पोटात केवळ हवा, इंधन आणि ठिणगी यांचा व्यवहार चालतो, त्याला नपुंसकलिंग देऊन भाषा मोकळी झाली. मोटारी विकणारे आणि मोटारींवर अधिकारवाणीने बोलणारे मात्र अद्याप मोकळे झालेले नाहीत.

मध्यंतरी धाकट्या बहिणीबरोबर एका शोरूममध्ये जाणे झाले. गाडी तिला घ्यायची होती, पैसे तिचे होते, आणि दर आठवड्याला पुणे-मुंबई प्रवास करणारीही तीच. मला घाटात गाडी चालवताना आजही घाम फुटतो. एकाच गाडीत दोन इंजिनांचे पर्याय होते, एक साधे आणि एक टर्बो. टॉर्क किती फेऱ्यांपासून मिळू लागतो, असे तिने विचारले. उत्तर मला मिळाले. मग तिला रंग दाखवण्यात आले आणि ‘मॅडमना साधं इंजिन पुरेल’ असा निर्वाळाही मिळाला. विक्रेता उद्धट मुळीच नव्हता. तो मनापासून मदत करीत होता, आणि दुखणे नेमके तिथेच आहे. खंडाळ्याच्या चढावर ट्रकला ओलांडताना लागणारी ताकद चालकाचे लिंग पाहून कमीजास्त होत नाही, हे त्याला कुणी कधी सांगितलेच नसावे.

बरे, हा समज त्याचा एकट्याचा नाही. माझ्दाने १९८९ साली एमएक्स-५ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आणली. इंजिन अवघे १.६ लिटरचे, पण गाडीचे वजनही हजार किलोहून कमी. वजन कमी ठेवले की लहान इंजिनातही वळणावर नाचणारी गाडी बनते, असा हा शुद्ध अभियांत्रिकी विचार होता. ब्रिटनमधल्या मर्दानी रसिकतेने तिला ‘हेअरड्रेसरची गाडी’ ठरवले. या एका शब्दात स्त्रियांचा, ‘बायकी’ मानल्या गेलेल्या पुरुषांचा आणि एका प्रामाणिक व्यवसायाचा असा तिहेरी अपमान आहे. २०१६ साली ही गाडी दहा लाखांचा टप्पा ओलांडून गेली. टोमणा तिथेच राहिला.

आपणही मागे नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ साली पल्सर आणली ती ‘डेफिनेटली मेल’ या घोषवाक्यासह. यंत्राला पौरुष बहाल करणारी ती जाहिरात कित्येकांना अजून तोंडपाठ आहे.

पण हे पौरुष किती चंचल असते, ते पाहा. ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेवर चालणारी होती. १८९९ साली बेल्जियमच्या कामिल येनात्झीने ती चालवली. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आतच अमेरिकेत विजेची मोटार म्हणजे बायकांची मोटार झाली होती. हँडल फिरवायला नको, धूर नको, आवाज नको! पेट्रोल गाड्यांचा सम्राट हेन्री फोर्ड, पण त्याची पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवीत असे. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेवरचा स्टार्टर आला, तेव्हा हँडल मारण्याचा पुरुषार्थ पुरुषांनीही आनंदाने सोडून दिला. आज विजेच्या स्पोर्ट्स कार दोन-तीन सेकंदांत शंभरचा वेग गाठतात, आणि तीच वीज पुन्हा मर्दानी ठरू लागली आहे. म्हणजे लिंग मोटरचे नव्हतेच. आसनावर कोण बसले आहे हे पाहून ते मागाहून चिकटवले जात होते.

यावर ‘पण बायकांनाच लहान इंजिन आवडते’ असा युक्तिवाद हमखास येतो. ज्यांना दुसरे दाखवलेच जात नाही, त्यांच्या आवडीचा पुरावा काय म्हणून मानायचा? अर्थात याला उतारा म्हणून स्त्रियांनी मोठ्या इंजिनाचे बिल्ले मिरवावेत, असेही मला म्हणायचे नाही. तीही त्याच खुळाची दुसरी बाजू होईल. १९८२च्या जागतिक रॅली स्पर्धेत मिशेल मुटाँ ही फ्रेंच चालक पाच सिलिंडरची टर्बो आउडी क्वाट्रो घेऊन उतरली, तीन रॅली जिंकली आणि एकूण दुसरी आली. विजेता वाल्टर रोर्ल चार सिलिंडरच्या, टर्बो नसलेल्या ओपेलमध्ये होता. आता यातले पुरुषी इंजिन कुठले आणि बायकी कुठले, ते तज्ज्ञांनीच सांगावे.

असो. बहिणीने दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या आणि टर्बो घेतली. गाडी मिळाली त्या दिवशी फोटोसाठी पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली आणली गेली. ती माझ्या हातात देण्यात आली. मी ती बहिणीकडे दिली, तेव्हा फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली घेतला आणि आधी माझ्याकडे पाहिले.