तोच शब्द पुन्हा आला तर

इंग्रजी मजकुरावर काम करणाऱ्या आपल्यासारख्या संपादक-भाषांतरकारांच्या हातून एक दुरुस्ती जवळजवळ सवयीने होते. परिच्छेदात एखादा शब्द दुसऱ्यांदा दिसला की त्याभोवती गोल पडतो आणि समासात पर्याय लिहिला जातो. पहिल्या ओळीतला ‘रिपोर्ट’ तिसऱ्या ओळीत ‘डॉक्युमेंट’ होतो आणि पाचव्या ओळीत ‘पब्लिकेशन’. पान नीटनेटके दिसते, पण वाचकाला प्रश्न पडतो, की कागद एक आहे की तीन? शब्द चुकून पुन्हा येणे हा दोष आहेच. मात्र तो बहुतेकदा वाक्याच्या बांधणीतून आलेला असतो, त्यामुळे पर्यायकोश उघडून तो जात नाही. या महिन्यात एवढेच मांडायचे आहे.

तक्रार जुनी आहे. हेन्री आणि फ्रान्सिस या फाउलर बंधूंनी १९०६ साली ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये शब्द उगाच बदलत राहण्याच्या खोडीला ‘एलिगंट व्हेरिएशन’ असे खोचक नाव दिले. पुढे १९२६ च्या ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’मध्ये हेन्री फाउलरने तिचा सविस्तर समाचार घेतला. एका वाक्यात किंवा वीस ओळींत तोच शब्द दोनदा येऊ देऊ नका, हा नवोदितांना मिळणारा उपदेशच त्याला घातक वाटत होता. त्याच कोशात शब्दांच्या आणि ध्वनींच्या पुनरावृत्तीवर स्वतंत्र नोंद आहे. निष्काळजी पुनरावृत्तीने एक वाक्य बिघडते, तेव्हा ती टाळण्याच्या अट्टहासाने डझनभर बिघडलेली असतात, असे बजावूनच ती सुरू होते.

भाषांतरकारांना तर हा पेच फाउलरच्याही आधीपासून माहीत आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या भाषांतरकारांनी प्रस्तावनेत उघड सांगितले, की मुळातल्या एका शब्दासाठी दर वेळी एकच इंग्रजी शब्द वापरण्याचे बंधन आम्ही घालून घेतलेले नाही. १८८१ मध्ये नव्या कराराची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा ती तयार करणाऱ्यांनी उलट मार्ग धरला आणि शक्य तिथे एका ग्रीक शब्दाला एकच इंग्रजी शब्द ठेवला. त्यामुळे उतारे ताडून पाहणे सोपे झाले, पण गद्य ताठर झाल्याची टीकाही झाली. दोन्ही वेळा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. कायद्याच्या मसुद्यात तर बदललेला शब्द म्हणजे बदललेला अर्थ, असे गृहीत धरले जाते. करारात ‘टेनंट’ पुढे ‘ऑक्युपंट’ झाला, तर वकिलाला वाद घालायला आयती जागा मिळते. तिथे पुनरावृत्ती हीच शिस्त आहे.

मग खरोखर दुरुस्त करण्याजोगी पुनरावृत्ती कोणती? सर्वात आधी पकडायची ती एकच शब्द लागूनच वेगवेगळ्या अर्थांनी आलेली. ‘इन ऑर्डर टू पुट द फाइल्स इन ऑर्डर, द कलेक्टर ऑर्डर्ड अ रिव्ह्यू’ या वाक्यात ‘ऑर्डर’ तीनदा आणि तीन अर्थांनी येते. वाचकाला दर वेळी नव्याने अर्थ लावावा लागतो. ‘टू सॉर्ट द फाइल्स, द कलेक्टर ऑर्डर्ड अ रिव्ह्यू’ एवढे पुरते. ‘इश्यू’, ‘अ‍ॅड्रेस’, ‘केस’, ‘राइट’ हे शब्द याच जातीचे आहेत.

दुसरा प्रकार बारक्या शब्दांचा. ‘ऑफ’ला लटकलेला ‘ऑफ’, त्याला आणखी एक ‘ऑफ’. किंवा एका ‘विच’च्या पोटात दुसरा ‘विच’. इथे शब्द बदलता येतच नाही. वाक्य तोडावे लागते किंवा नामाचे क्रियापद करावे लागते. तिसरा प्रकार कानाचा. ‘क्लिअरली’, ‘रिसेंटली’, ‘पार्टली’ एका दमात आले की अर्थ शाबूत राहूनही वाक्य खडखडते.

मराठीतून इंग्रजीत येणाऱ्या मजकुरात या दोषांची काही खास उगमस्थाने आहेत आणि ती आपणच ओळखायला हवीत. आपण ‘माहिती दिली, मंजुरी दिली, उत्तर दिले’ असे सहज लिहितो. मराठीत अर्थाचा भार नामावर असतो, त्यामुळे ‘देणे’ कानाला टोचत नाही. इंग्रजीत तीनदा आलेले ‘गेव्ह’ लगेच डोळ्यांत भरते. तिथे ‘ग्रँटेड’, ‘ऑफर्ड’, ‘प्रोव्हायडेड’ अशी भर घालण्यापेक्षा ‘इन्फॉर्म्ड’, ‘अप्रूव्ह्ड’, ‘रिप्लाइड’ ही थेट क्रियापदे घ्यावीत. ‘ही’ आणि ‘च’ यांचेही तसेच. प्रत्येक ‘ही’चा ‘ऑल्सो’ आणि प्रत्येक ‘च’चा ‘ओन्ली’ केला, की पानभर तेच दोन शब्द वाजत राहतात. यांतले बरेच नुसते गाळता येतात. उरलेल्यांचा जोर वाक्यातल्या जागेवरून साधता येतो.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. मराठीत अहवाल ‘तो’ आणि प्रस्तावना ‘ती’, म्हणून दोन्हींविषयी सर्वनामांनी गोंधळ न होता बोलता येते. इंग्रजीत दोघांनाही ‘इट’. अशा ठिकाणी ‘द रिपोर्ट’ पुन्हा लिहिणे आवश्यक असते आणि ते खोडणारा संपादक अर्थच खोडतो. संवादलेखनातल्या ‘सेड’लाही हेच लागू आहे. कादंबरीकार एल्मोर लेनर्डने २००१ मध्ये लेखनाचे दहा नियम लिहिले. संवादाला ‘सेड’खेरीज दुसरे क्रियापद जोडू नका, हा त्यांपैकी एक. वाचकाचे त्या शब्दाकडे लक्षच जात नाही, आणि तोच त्याचा उपयोग.

यंत्राची मदत कुठे घ्यावी, हेही ठरवून घेऊ. ओळीच्या शेवटी एक ‘द’ आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला दुसरा, ही चूक मुरलेल्या मुद्रितशोधकाच्याही डोळ्यांखालून निसटते. वाचताना डोळा असे छोटे शब्द बहुधा ओलांडूनच जातो. संशोधक नॅन्सी कॅनविशर यांनी १९८७ मध्ये दाखवले, की शब्द झरझर समोर आले तर एखाद्याची दुसरी हजेरी मेंदूकडून नोंदलीच जात नाही. ही तपासणी यंत्रावर सोपवायला हरकत नाही. बेल लॅब्जच्या ‘रायटर्स वर्कबेंच’मध्ये लागोपाठ आलेले जुळे शब्द शोधणारा ‘डबल’ हा छोटा प्रोग्राम होता. आज साध्या वर्ड प्रोसेसरलाही ते जमते. मात्र ‘ही हॅड हॅड’ बरोबर आहे आणि ‘द द’ चूक, हा निवाडा माणसाने करायचा. दहा पानांच्या अंतराने लेखकाचा लाडका शब्द पुन्हा पुन्हा डोकावतो का, तेही शोध घेऊन मोजता येते. पण त्यातला कोणता राखायचा, हे मोजणीतून कळत नाही. त्यासाठी परिच्छेद मोठ्याने वाचण्याला पर्याय नाही.

वाचून झाल्यावरही मन द्विधा असेल, तर सतराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ पास्कालची कसोटी वापरावी. पुन्हा आलेला शब्द बदलून पाहा. बदलाने मजकूर बिघडत असेल, तर तो शब्द तिथलाच आहे असे समजून राहू द्या.

संपादकांना एक सूचना. तोच शब्द दुसऱ्यांदा दिसला, तर समासात नुसता पर्याय लिहून प्रत परत पाठवू नका; हरकतीचे कारण लिहा. ‘अर्थ दोन’, ‘सर्वनाम चालेल’, ‘वाक्ये जोडा’, ‘कानाला खटकते’ यांपैकी एखादी नोंद पुरेशी आहे. कारण वाचून लेखक वाक्य नव्याने बांधतो, पर्याय दिसला की तो फक्त शब्द बदलतो. आणि कारण सुचत नसेल, तर तो शब्द जागच्या जागी राहू द्यावा.