पाठीवरचे बक्कल

गेल्या उन्हाळ्यात एका कामानिमित्त आम्हांस चार दिवस हैदराबादेस राहावे लागले. मुक्काम चिक्कडपल्लीत, आमच्याच धर्मग्रामातून नोकरीसाठी तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबात होता. दाराशी पादत्राणे काढून आत पाऊल टाकतो तोच खाटेखाली एक लालभडक धड पडलेले दिसले. हात नाहीत, डोके नाही, छातीच्या मध्यभागी वाटोळे भोक! आम्ही दचकलेले पाहून घरधनी कष्टी स्वरात म्हणाले, “फादर, घाबरू नका. आमच्या चिरंजीवांचा उद्योग आहे तो. अभ्यास सोडून लोखंडी माणूस बनताहेत!”

धड उचलून पाहिले तर ते उशीहूनही हलके होते.

चिरंजीव सोळा वर्षांचे. तेथील धर्मग्रामात लहान मुलांच्या उन्हाळी शिबिराचा समारोप व्हावयाचा होता, आणि त्यात आयर्न मॅन नावाच्या वीराचे सोंग घेण्याचे त्याने मुलांना कबूल केले होते. आमच्या प्रौढ वाचकांना १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ आठवत असेल. त्यांच्या मुलांनी १९९७ पासून दूरदर्शनवर शक्तिमान पाहिला. आयर्न मॅन त्याच कुळातला. १९६३ साली तो अमेरिकेतील एका चित्रकथांच्या मासिकात प्रथम अवतरला, आणि २००८ च्या चित्रपटाने सर्वतोमुखी झाला. त्याला जन्मजात दैवी शक्ती नाही. शत्रूच्या कैदेत सापडला असता तो गुहेत बसून लोखंडी चिलखत घडवतो आणि ते चढवून बाहेर पडतो.

“पण हे तर चपलेच्या तळव्याचे रबर! यात कसली वीरश्री?” असे घरधन्यांचे म्हणणे. आम्हांस ते पटले नाही. रंगभूमीवरचा मुकुट कधी सोन्याचा असतो काय? आणि हैदराबादेस तर ही विद्या कोणी शिकवावयास नको. येथील सुप्रसिद्ध सुरभी नाटक मंडळ्यांची परंपरा १८८५ साली कडप्पा जिल्ह्यातील सुरभी गावी ‘कीचकवध’ नाटकाने सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या घरची सारी माणसे रंगभूमीवर राबतात, आणि या घराण्यांचे मूळ महाराष्ट्रातले असल्याचे सांगितले जाते. त्यांच्यापैकी नागेश्वरराव ऊर्फ बाबजी यांस २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्याला तासन्‌तास उभे राहून बोलावयाचे, त्याचे शस्त्र आणि आभूषण हलकेच हवे. वजन प्रेक्षकाच्या डोळ्यांना जाणवले म्हणजे झाले.

पुढे दोन दिवस आम्ही त्या मुलाचे काम पाहिले, आणि पाहता पाहता बरेच शिकलो. या फोमचे शास्त्रीय नाव इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. व्यवहारात त्याला ईव्हीए म्हणतात. चपलांचे तळवे आणि व्यायामशाळेतील चटया त्याच्याच असतात. त्याच्या पोटात हवेचे असंख्य बंद कप्पे असल्यामुळे तो हलका असतो आणि पाणी शोषत नाही. प्रथम माप. अंगात जुना सदरा घालून त्यावर पातळ प्लास्टिक व चिकटपट्टी गुंडाळावयाची, वर शिवणीच्या रेषा काढून ते कापावयाचे, म्हणजे शिंप्याच्या कागदी नमुन्यासारखे सपाट तुकडे हाती येतात. ते फोमवर ठेवून धारदार पात्याने कापावयाचे. छातीला दहा मिलिमीटर जाडी, बोटांवर दोन. पात्याची धार फार लवकर मरते, आणि बोथट पाते फोम कापण्याऐवजी फाडते.

मग उष्णता. गरम हवा सोडणारी हीट गन फिरविताच फोम मऊ होतो. तो गुडघ्यावर दाबून निवेपर्यंत धरला की त्याला बाक येतो आणि तो टिकतो. याच उष्णतेने पृष्ठभागावरची छिद्रे मिटतात व किंचित तकाकी येते. मग रंग आत शोषला जात नाही. जोडकाम चांभाराच्या पिवळ्या सोल्युशनने. ते दोन्ही कडांना लावून, बोटाला ओले लागेनासे होईपर्यंत थांबावयाचे, आणि मग एकदाच नेमके जुळवावयाचे. एकदा चिकटल्यावर सरकविता येत नाही. थर्मोकोलला मात्र हे सोल्युशन चालत नाही. ते त्याला खाऊन टाकते. नाताळात गव्हाणी करताना ज्यांच्या डोंगराला भोक पडले असेल त्यांस हे सांगणे न लगे.

आता खरी मेख. गेल्या वर्षी या मुलाने फोमवर मोटारीच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी फासली होती. चिलखत दगडासारखे टणक झाले, ठोकले तर वाजे. परंतु समारंभाच्या दिवशी जिना चढताना कोपर वाकले आणि तडा गेला. सभागृहात पोहोचेतो खपल्या गळू लागल्या. मुले हसली. बाबाही हसले, आणि ते त्याच्या मनाला अधिक लागले. दोष फोमचा नव्हता. आतले अंग वाकणारे आणि वरची कातडी न वाकणारी, अशी जोडी टिकत नाही. म्हणून यंदा त्याने लवचीक लेप दिला होता. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात थोडे पाणी घालून पातळ हात, तो पुरता वाळल्यावर दुसरा, असे पाच हात. त्यावर ॲक्रिलिक रंग, आणि पांढरा गोंद पाण्याने पुन्हा मऊ पडतो म्हणून शेवटी पाणी न धरणारे पारदर्शक वार्निश. फवारणीचा रबरी लेप मिळाल्यास तो अधिक चांगला, पण महाग. एक जाड हात देऊन वेळ वाचविणाऱ्याचा लेप वरून वाळतो, आत ओला राहतो आणि सोलून निघतो.

दुसऱ्या रात्री आम्हांस कसलासा उग्र वास आला. शेजारी रंगकाम चालले असेल, असे मानून आम्ही कूस बदलली. घटकाभराने आईची हाक ऐकून धावलो. मुलाने दार-खिडकी लावून घेऊन सोल्युशनचे काम चालविले होते, आणि तो भिंतीला टेकून बसला होता. चेहरा पांढरा, डोळे जड, बोलणे अडखळत. त्याला गच्चीवर मोकळ्या हवेत नेले. देवाच्या कृपेने तो थोड्या वेळाने सावरला.

अशा सोल्युशनमध्ये बहुधा टोल्युइनसारखे द्रव असतात. त्यांची वाफ हवेहून जड. ती बंद खोलीत साचते, मेंदूला गुंगी आणते, आणि ठिणगीने पेटते. त्या खोलीत हीट गनही होती. काय झाले असते, हा विचार आजही आमचा पाठलाग करतो. वास आम्हांलाही आला होता, आणि आम्ही झोपलो होतो.

सकाळी घरधनी सारे तुकडे पोत्यात भरू लागले. “कचऱ्यात जाऊ दे एकदाचे!” मुलगा मान खाली घालून उभा. आम्ही म्हटले, “आधी चहा होऊ द्या.” चहा घेता घेता त्याला विचारले, “बाळा, खिडकी का लावलीस?” बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला, “वास बाहेर गेला असता तर बाबा उठले असते, फादर.” घरधन्यांच्या हातातील कप तसाच राहिला.

आम्ही मुलाला आणखी एक विचारले, “तुझ्या त्या वीराने गुहेत एकट्यानेच चिलखत केले काय?” तो म्हणाला, “नाही. यिन्सेन नावाचे प्राध्यापक सोबत कैदेत होते. त्यांनी मदत केली, आणि हा बाहेर पडावा म्हणून स्वतःचा जीव दिला.” आम्हांस पुढे काही बोलावे लागले नाही. पोते पुन्हा रिकामे झाले.

मग करार ठरला. सोल्युशन, वार्निश आणि घासकाम गच्चीवर, दिवसाउजेडी. तोंडावरचे फडके भुकटी अडवते, वाफ अडवीत नाही, म्हणून वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसावयाचे. सोल्युशन उघडे असता हीट गन दूर. सकाळी दोन तास अभ्यास, आणि संध्याकाळच्या कामाला बाबा जवळ. हैदराबादचा मे महिना चाळिसांवर पारा नेतो, म्हणून आत सुती सदरा, अर्ध्या तासाहून अधिक अंगात नाही, पाण्याची बाटली हाताशी. बंद मोटारीत तर हे चिलखत ठेवू नये. ज्या उष्णतेने आकार येतो तिनेच तो जातो.

आम्ही निघालो त्या संध्याकाळी चिलखत प्रथमच अंगावर चढले. पुढचा भाग मुलाने स्वतः धरला. पाठीवरच्या बक्कलांपर्यंत मात्र त्याचा हात पोहोचेना. घरधनी पुढे झाले, चष्मा वर केला आणि एकेक पट्टा ओढून बसवू लागले. “आवळतंय का रे?” “नाही बाबा, अजून एक भोक.” गेल्या वर्षापासून त्या दोघांत इतके साधे बोलणे झाले नव्हते, असे माउलीने आम्हांस दारातच सांगितले. पुढे समारोपाच्या दिवशी कोपर वाकले, जिना चढला, आणि तडा गेला नाही, असे पत्र आले.

वाचकहो, आपल्या गावी नाताळच्या नाटकात हेरोदाचे शिपाई असतात, दुःखसहनाच्या नाटकात रोमन सैनिक असतात. पुठ्ठ्याची त्यांची चिलखते दरवर्षी मोडतात. यंदा ती फोमची करून पाहा. उघड्यावर करा, पातळ हात द्या, वाळू द्या. आणि मुलगा खोलीचे दार लावून काही करीत असेल, तर ओरडण्यापूर्वी एकदा विचारा, पाठीमागचे बक्कल लावून देऊ काय?